ताठ बसायची सायकल

बुधवार, १२ जानेवारी १९४४
अब्बांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अखेर हो म्हटलं. पण त्यांच्या होकाराला शेपूट असतंच. सायकलवरून शाळेला जायचं, तर ताठ बसून. पुढं वाकायचं नाही.

झालं असं, की नदीपलीकडं माळवाडीला मी शिकवते ती मुलींची शाळा. लग्न होऊन कोल्हारला आले तेव्हापासून शेजारच्या लंकाबाईच्या दुधाच्या छकड्यात बसून जात होते. तिनं बैल विकला. चालत जाऊ का म्हटलं, तर सासरे म्हणाले, "एकटी बाई चालत निघाली की दहा जन थांबवून बोलत्यात." मग नगरहून माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबाजान मास्तरांनी, मिशनमधली एक मडम विलायतेला परत जाताना तिची बायकांची सायकल विकत घेतली आणि बसच्या टपावरून धाडून दिली. लहानपणी शाळेच्या मैदानावर त्यांच्याच सायकलवर गुडघे फोडून घेतले होते. ते आता कामाला आलं.

परवा भगवतीच्या जत्रेची पालं अजून उभी होती. त्यांच्यामधून, चावडीवरून मी पहिल्यांदा सायकलवर गेले. संध्याकाळी चावडीवरच्या मंडळींनी अब्बांच्या कानावर घातलं, की लालमहंमद, तुमची सून हँडलवर ओणवी होऊन गेली. ओणवी! मी काय भुईमूग उपटत होते?

ताठ बसणं जमलं नाही तर नोकरी सोडायची, हे अब्बांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी नोकरी सोडणार नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण घरात मोठ्यानं म्हणता येत नाही. (घरात आमची मोडकी दखनी चालते. पण माझा हात शाळेत मराठीवर बसला, तेव्हा मनातलं मराठीतच उतरतं.)

तेवढ्यात हे म्हणाले, "अब्बा, हँडलच वर घेतलं तर वाकायलाच लागनार न्हाई. माझ्यावर सोडा." माझा जीव भांड्यात पडला. नवरा असावा तर असा.

शनिवार, १५ जानेवारी
आज हँडल वर झालं.

यांचं बाजारात कंदील, स्टो, गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान. पण लढाईमुळं रॉकेल मिळत नाही, लोक दिवेलागणीलाच जेवून झोपतात, कंदील खुंटीवर. त्यामुळं दुकान बंद करून हे दुपारीच घरी येतात आणि घरात काय मोडलंय ते शोधत फिरतात. सायकल मिळाल्यावर स्वारी खूश झाली. पाना लावून बोल्ट ढिला केला आणि हँडलचा दांडा नळीतून वर वर ओढत नेला. मी म्हटलं, "अहो, आत किती राहिला? बोटभर तरी आहे का?" म्हणाले, "पुरंसा हाय."

हलवून पाहिलं तर हँडल डुगडुगलं. "नवं हाय, बसंल," म्हणाले.

हँडल वर गेल्यावर ब्रेकच्या सळया अपुऱ्या पडल्या. पुढच्या ब्रेकची सळई तर पोचेचना. ती त्यांनी सरळ काढून ठेवली. "पुढच्या ब्रेकनं मानूस तोंडावर पडतं. नसल्यालाच बरा." हे मला पटलं. मागचा ब्रेक लागतो, पण अर्धाच.

बुधवार, १९ जानेवारी
चावडी प्रसन्न आहे. अब्बाही प्रसन्न आहेत. मी वरातीतल्या नवरदेवासारखी ताठ बसून जाते, फक्त बाशिंग तेवढं नाही. कोपर खांद्याच्या रेषेत येतात आणि संध्याकाळी मान अवघडते.

नदीच्या पुलाकडं उतरणारा रस्ता तेवढा जड जातो. मागचा ब्रेक दाबून भागत नाही, म्हणून चपला घासत उतरते. आज अम्मांनी माझी चप्पल उलटी करून पाहिली. तळ पातळ झालाय. माझ्या सासूबाई मुबारकबी बोलतात कमी आणि बघतात फार.

पण शाळा! छकड्यातून जायची तेव्हा दूध आधी आणि मास्तरीण नंतर पोचायची. आता प्रार्थनेच्या आधी मी हजर. परत येताना पुलाअलीकडं उजवीकडं वळून चांगुणाबाईच्या टरबुजाच्या वाडीवरही जाऊन येते. तिची पोर माझ्या तिसरीत आहे. चांगुणाबाई वाळूत काडीनं स्वतःचं नाव गिरवते. म्हणते, "बाई, कागदाव अंगठा दिला की बोट काळं हुतं आन् मन बी. मला सही शिकवा." णा अजून तिच्या हातून उताणा पडतो.

रविवार, ३० जानेवारी
सुट्टी. यांना भाकरी द्यायला दुकानावर गेले होते, तर लंकाबाई बादली घेऊन आलेली. कडीचा कान तुटलेला. तिला घाई. म्हणाली, "कमरुद्दीनभाई, जरा डाख द्या की, चिकटवून टाका."

हे म्हणाले, "डाख पान्याची गळती थांबवतोय, लंकाबाई. भार धरत न्हाई. भरली बादली वडायला लागलीस की सुटंल. बादली जाईल हिरीत आन् शिव्या मला." आणि बसून रिव्हेट मारून दिली. तिनं तोवर चार वेळा उसासे टाकले.

मला फार अभिमान वाटला. गिऱ्हाईक ताटकळेल, पण खोटं काम करणार नाहीत.

मंगळवार, ८ फेब्रुवारी
आज शाळेत तपासणीला दिपोटी साहेब आले होते. मुलींनी पाढे म्हटले, कविता म्हटली, शिवणाचे नमुने दाखवले. जाताना ते म्हणाले, श्रीरामपूरला जूनपासून मुलींची मोठी शाळा निघणार, हेडबाई म्हणून तुमचं नाव सुचवतो, राहायला जागाही मिळेल. परत येताना पायडल मारत होते की उडत होते, मला माहीत नाही.

रात्री जेवताना सांगितलं. म्हटलं, श्रीरामपूर म्हणजे रेल्वेचं गाव, तुमचं दुकान तिथं चौपट चालेल. अब्बा ताटावरून उठून गेले. हे हसले. म्हणाले, "म्हंजी तू फुडं आन् मी मागं, व्हय?" मीही हसले. मग ते जेवण होईपर्यंत गप्प होते. फार आनंद झाला की यांना बोलता येत नाही.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी
यांचा आनंद आज कळला. मी निजून उठायच्या आत हे सायकल घेऊन परसात बसले होते.

या खेपेला अब्बांनी काही म्हटलं नव्हतं. यांनाच जाणवलं, की हँडल धरायला हात पुढं केले की माझा पदर खांद्यावरून सरतो. म्हणून जुन्या गॅसबत्त्यांच्या पंपांच्या पितळी नळ्या घेतल्या, हँडलच्या दोन्ही टोकांवर चढवल्या आणि मागं माझ्या कमरेपर्यंत आणल्या. जोडाला डाख दिला, वर कानस मारून इतका चकचकीत केला की सांधा शोधावा लागतो. मुठींना हिरव्या मखमलीचा तुकडासुद्धा गुंडाळला. माझ्या शालूवरच्या चोळीचा उरलेला.

"आता हात हालवायलाच नको. मांडीवर ठेवल्यागत ठेवायचे," म्हणाले.

शेजारपाजारचे बघून गेले. लंकाबाई म्हणाली, "राणीची गाडी झाली गं फरीदा." मी दिवसभर मिरवले.

सोमवार, १४ फेब्रुवारी
दोन गोष्टी लिहायच्या आहेत, ज्या यांना सांगता येत नाहीत.

एक, ब्रेकची दांडी होती तिथंच आहे आणि माझे हात मागं आलेत. ब्रेक लावायचा तर मूठ सोडून पुढं झेपावं लागतं. म्हणजे वाकावंच लागतं, तेही ऐन उतारावर.

दुसरं, हँडल वळवलं की नळी गुडघ्यात बसते. जरासं वाकडं चालतं, पण पुरतं वळण घेता येत नाही. वळायचं तर उतरायचं, सायकल उचलून फिरवायची, पुन्हा चढायचं. पुलाअलीकडच्या वाटेवर वाळू आहे, तिथं उतरलं की पुन्हा चढता येत नाही. तेव्हा चांगुणाबाईकडं जाणं बंद झालं. आज ती वाडीतून हात हलवत होती. मी मान हलवली, हात सोडायची छाती झाली नाही. घरून शाळा, शाळेतून घर, सरळ रेघ.

काही हरकत नाही. नोकरी तेवढ्यासाठीच आहे, हिंडण्यासाठी नाही.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी
मला भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

उतार जवळ आला की आधीपासूनच चपला टेकवते. रात्री झोपेत मुठी आवळते म्हणे.

काय करू? अब्बांना सांगितलं, तर ते वाटच बघतायत. श्रीरामपूरला सायकलवाल्याकडं नेली, तर गावभर होणार, की करामती कमरुद्दीनच्या बायकोनं त्याचं काम दुसऱ्याकडून उसवून घेतलं. आधीच दुकान बसलंय, त्यात हे. माझ्या पगारावर घर चाललंय म्हणून चावडीवर यांना काय काय ऐकावं लागतं, ते मला लंकाबाईकडून कळतं. तोंड उघडलं तर नोकरी जाते आणि नाही उघडलं तर दात जातील.

आज धीर करून यांनाच विचारलं. "अहो, हँडल जरा खाली घेतलं तर?"

त्यांनी हातातलं काम ठेवलं. मऊ आवाजात म्हणाले, "भ्या वाटतंय का तुला?"

"तसं नाही..."

"भ्या वाटत आसंल तर सोड. माझी बळजबरी न्हाई. मी अब्बांना सांगतो, तिला झेपत न्हाई म्हनून."

मी घाईघाईनं म्हटलं, "छे, नाही वाटत." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतकं प्रेमानं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

गुरुवार, २४ फेब्रुवारी
गुडघ्याला नळी लागून लागून जखम झाली आहे. अम्मांनी हळद-तेल लावलं. लावता लावता म्हणाल्या, "नवी नवरी हुते ना मी, तवा माझ्या माह्यारी लई जायची. रस्ता मागच्या दारानंच. तुज्या सासऱ्यानं मला पायात घालाया जरीचे चढाव आनून दिले. नगरच्या कारागिराचे. सगळी आळी बघाया आली."

"हौशी होते की अब्बा!"

"लई. पायाला जरा आवळायचे तेवढं. घातले की परसापलीकडं जाता यायचं न्हाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? कवतिक केलं."

म्हाताऱ्या माणसांना जुन्या दागिन्या-कपड्यांचं बोलायला फार आवडतं. मी हूं हूं करत राहिले, कारण वह्या तपासायच्या होत्या. अम्मांनी तेलाची वाटी ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडं बघत बसल्या.

गुरुवार, २ मार्च
दिपोटींचा निरोप आला. श्रीरामपूरचं नाव पक्कं झालं. मार्चअखेर वार्षिक परीक्षा घेतली, की माळवाडीचा चार्ज द्यायचा. आता फक्त हा महिना निभवायचा आहे. सरळ जायचं, सरळ यायचं, उतारावर देवाचं नाव घ्यायचं.

हे ऐकून म्हणाले, "बरं झालं." मग परसात गेले. मला वाटलं पुन्हा सायकलवर काही करतात की काय. पण नुसतेच तिच्यापुढं बसून होते.

शनिवार, ११ मार्च. डाव्या हातानं.
अक्षर वाकडं. वाचता आलं तर मलाच यावं.

सोमवारी पडले. पुलाच्या उतारावर. समोरून उसाची गाडी वर येत होती, बैल बुजले. ब्रेकसाठी पुढं झेपावले, तशी डाव्या हातातली नळी हँडलपासून निघून आली. जोर लावलासुद्धा नव्हता. मग हँडल एका अंगाला फिरलं, दांडा नळीतून उपसून वर आला. पुढं काही धरायलाच नव्हतं.

उजवं मनगट मोडलं. ओठ फाटला. दात शाबूत.

चांगुणाबाई वाळूतून पळत आली. तिनं मला उचललं तेव्हा पितळी नळी माझ्या मुठीत होती, मखमलीसकट. ती म्हणाली, "सोडा बाई, सोडा ते." मला सोडता येईना.

मंगळवार, १४ मार्च
हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आहेत. उन्हाळाभर हात हलवायचा नाही.

हे लहान पोरासारखे रडले. घास भरवतात, पाणी पाजतात, वेणीसुद्धा घालून देतात, वाकडी. दुकान उघडतच नाहीत. मी म्हटलं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, गाडी आडवी आली, कोण काय करणार. ते आणखी रडले. मला त्यांची दया आली.

शाळेत कोण बघत असेल? परीक्षा तोंडावर आहे. मी म्हटलं, डाव्या हातानं फळ्यावर लिहीन, कुणाच्या गाडीत बसवून द्या. यांनी पाण्याचा पेला पुढं केला.

मंगळवार, २१ मार्च
आज अर्ज झाला.

अब्बा, हे आणि अम्मा, तिघंही माझ्या बाजेजवळ होते. यांनी कागद वाचून दाखवला. प्रकृतीच्या कारणानं मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे. श्रीरामपूरची जागाही मला नको आहे. मी म्हटलं, रजा मागू, राजीनामा कशाला? हे समजुतीनं म्हणाले, "आसं आर्ध्यात लटकवून ठिवलं तर सायेब नाराज हुतील. आता नीट सोडलीस तर बरी झाल्याव परत घेतील. मी हाय ना." अब्बा म्हणाले, "हाड जुळंल. परत मोडलं तर?"

मी पुष्कळ बोलले. ओठ फाटल्यामुळं शब्द नीट उमटत नव्हते. मी बोलायची थांबले, की ते पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. चिडत नव्हते, त्यामुळं मला चिडताही येईना. दुपार कलली. शेवटी मी गप्प झाले आणि गप्प बसणं त्यांनी हो धरलं.

यांनी शाईची डबी पुढं केली. अम्मा म्हणाल्या, "तिला लिवता येतंय." हे म्हणाले, "हात मोडलाय न्हवं तिचा."

त्यांनी माझा डावा अंगठा धरला, शाईत टेकवला, कागदावर दाबला. दुखू नये म्हणून किती हलक्या हातानं धरला होता!

डाव्या हातानं मी लिहू शकते, हे मी सांगितलं नाही. ही वही उशाखाली होती. का सांगितलं नाही? सही केली असती तर तो राजीनामा माझा झाला असता. अंगठा कुणाचाही असतो.

सबंध संध्याकाळ बोट घासत होते. जात नाही.

सोमवार, २७ मार्च
उजवा हात अजून सुजलेला आहे. पण आज लिहायलाच हवं.

गेले चार दिवस परसातून कानशीचा आवाज येत होता. मला वाटलं कंदील असतील. आज सकाळी यांनी सायकल अंगणात आणली. मी बाजेवरून उठून दारात आले.

हँडल खाली होतं. दांडा नळीत वीतभर आत, बोल्ट आवळलेला. पितळी नळ्या नाहीत. पुढच्या ब्रेकची सळई जागेवर, मागचीही बेतून बसवलेली, तेल दिलेली. मडमेकडून आली होती, त्याहून नीट.

"आता कुनासाठी?" अम्मांनी विचारलं.

"मी वापरीन. पडून राहून गंजण्यापरीस बरी," हे म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशात माझा अर्ज नीट घडी करून ठेवला. श्रीरामपूरला दिपोटी आज येणार आहेत, त्यांच्या हातात द्यायचा म्हणून. मला म्हणाले, "उन्हात उभी राहू नको." मग टांग मारून निघाले.

इतके दिवस मी काय वाटून घेत होते, ते आठवून मला भडभडून आलं. यांना सगळं येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. अम्मा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझा शाईचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि आम्ही दोघी बघत राहिलो.

गल्लीच्या टोकाला यांनी हँडल वळवलं, ते सुतासारखं वळलं. कोपऱ्यावर एक शेळी आडवी आली, तेव्हा त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली.